शिकवतो आपणच, पण नकळत!

कुकरची तिसरी शिट्टी होते आणि आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेला धाकटा, "आई, वाढतेस का?" म्हणत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो. त्याला कुणी हाक मारलेली नसते. घड्याळही त्यानं पाहिलेलं नसतं. शिट्टी आणि जेवण यांची गाठ त्याच्या मनात केव्हा बसली, हे त्यालाही सांगता यायचं नाही आणि तुम्हालाही. बरं, शिट्टीचं राहू द्या. मी इथं नुसतं 'चिंच' असं लिहिते. नवी, गाभुळलेली, मीठ-तिखट लावून बोटानं चाटत खायची चिंच! सुटलं ना तोंडाला पाणी? कागदावर तर चिंचेचा कणसुद्धा नाही.

मैत्रिणींनो, ही गंमत वाटते खरी. पण आपल्या घरातले निम्मे हट्ट, निम्म्या भित्या आणि बहुतेक सगळ्या सवयी याच वाटेनं येतात. आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर याच वाटेनं कधी कधी जीवही जातो.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई जवळच्या खेड्यातली. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडू लागला की ती सुट्टी मागते, आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात तर ती येतच नाही. एकदा मी काळजीनं म्हटलं, "अगं, वाघ आहेत ना तिकडे? कशाला जातेस?" ती शांतपणे म्हणाली, "वाघ पयलेही होतेच बाई. पर पयले तो आमाले भेत होता. आता नाही भेत."

तिचं हे वाक्य माझ्या मनातून जाईना. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या, तेव्हा तर ते पुन्हा पुन्हा आठवलं. भिणं हे वाघ शिकतो का? आणि शिकलेलं तो विसरतो का? या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेले आणि शेवटी येऊन पोचले ती माझ्याच घरातल्या हट्टी मुलापाशी! कशी, ते सांगते.

कुत्रा, घंटा आणि लाळ

रशियात पावलॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. ते मुळात मनाचे अभ्यासक नव्हेतच. पचन कसं होतं याचा अभ्यास त्यांनी कुत्र्यांवर केला आणि त्यासाठी १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या लक्षात आलं की कुत्र्यांना अन्न तोंडात पडल्यावर लाळ सुटते हे ठीकच, पण अन्न आणणाऱ्या माणसाची नुसती चाहूल लागली तरी लाळ सुटते. मग त्यांनी अन्न देण्याआधी दर वेळी एक ठरावीक आवाज करायला सुरुवात केली. काही दिवसांनी अन्न न देता नुसता आवाज केला, तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी! पुढे आवाज करत राहिले आणि अन्न दिलंच नाही, तेव्हा हळूहळू लाळ येणं थांबलं.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत याला 'अभिसंधान' म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा पाठोपाठ आल्या की मन त्यांची गाठ मारतं. गाठ पुन्हा पुन्हा खोटी ठरली की ती सैल होते. कुकरची शिट्टी ती हीच.

दुसरा प्रकार याहून महत्त्वाचा. अमेरिकेतल्या थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. भुकेलं मांजर पिंजऱ्यात आणि मासळीचा तुकडा बाहेर. मांजर ओरबाडतं, उड्या मारतं, आणि चुकून एकदा त्याचा पाय दाराच्या कळीवर पडतो. दार उघडतं! पुढच्या खेपेला ते थोडं लवकर सुटतं, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी लवकर. कुणी समजावून सांगितलं नाही, कुणी रागावलं नाही. ज्या कृतीनंतर फळ मिळालं, ती कृती टिकली. बाकीच्या गळून पडल्या.

हे एवढं एक वाक्य पदराला गाठ मारून ठेवा: *आपण जे बोलतो ते समोरचा जीव शिकत नाही, जे केल्यावर त्याला काही मिळतं, ते तो शिकतो.*

रडलं की मिळतं!

आता दुकानासमोरचा नेहमीचा प्रसंग बघा. मूल चॉकलेट मागतं. तुम्ही "नाही" म्हणता. ते पाय आपटतं. तुम्ही पुन्हा "नाही" म्हणता. ते जमिनीवर लोळण घेतं. येणारे-जाणारे बघायला लागतात, सासूबाई म्हणतात, "अगं, दे ना एकदाचं!" आणि तुम्ही देता. तुम्हाला वाटतं, आपण मुलाला चॉकलेट दिलं. खरं म्हणजे तुम्ही त्याला धडा दिला: मागून मिळत नाही, पाय आपटून मिळत नाही, लोळलं की मिळतं.

आणि धडा एकट्या मुलानंच घेतला असं नाही बरं का! दिल्याबरोबर रडं थांबलं, तुमची सुटका झाली. म्हणजे 'दिलं की शांतता मिळते' हे तुम्हीही शिकलात. त्या क्षणी कोण कुणाला शिकवत होतं, सांगा पाहू?

"पण मी नेहमी कुठे देते? दहादा नाही म्हणते, एखाद्या वेळी देते," असं तुम्ही म्हणाल. इथंच तर खरी गोम आहे. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उंदीर आणि कबुतरं यांच्यावर पुष्कळ प्रयोग केले. दर वेळी दाणा मिळणारं कबुतर दाणा बंद झाल्यावर लवकर नाद सोडतं; पण कधी मिळतो, कधी मिळत नाही अशी सवय लागलेलं कबुतर दाणा बंद झाल्यावरही किती तरी वेळ चोच मारतच राहतं. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस एवढ्याचसाठी वर्षानुवर्षं तिकीट घेतो. आणि आपण दर दहा मिनिटांनी मोबाइल उचलून बघतो तो तरी कशासाठी? बहुतेक वेळा काही नसतं, पण एखाद्या वेळी माहेरचा फोटो आलेला असतो! तेव्हा 'दहादा नाही आणि एकदा हो' हा हट्ट मोडण्याचा नव्हे, हट्ट पक्का करण्याचा उपाय आहे.

मग करायचं काय? जे द्यायचंच आहे ते मूल नीट मागतं तेव्हाच, पहिल्याच मागणीला, हसून द्या. जे द्यायचं नाही ते कितीही रडलं तरी देऊ नका. मारू नका, लेक्चर देऊ नका. लोळणाऱ्या मुलाला आईचं ओरडणं हेही लक्षच असतं, आणि लक्ष हे मुलाचं सगळ्यांत आवडतं खाऊ. मात्र एक सावधगिरीची सूचना. तुम्ही देणं बंद केलंत की पहिले काही दिवस हट्ट कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. कबुतरसुद्धा दाणा बंद झाला की आधी जोरजोरात चोची मारतं. पुष्कळ आया नेमक्या याच दिवशी हात टेकतात आणि मूल आणखी मोठ्यानं ओरडायला शिकतं. तेवढे दिवस काढा. आणि घरातल्या सगळ्यांना आधी विश्वासात घ्या. कारण तुम्ही 'नाही' म्हटलेलं आजोबांनी मागच्या दारानं दिलं, तर सगळीच मेहनत फुकट.

भीतीही शिकवलेली असते

"झोप, नाहीतर वाघ येईल." "खा, नाहीतर डॉक्टरांना सुई टोचायला लावीन." आपण किती सहज म्हणतो! १९२० साली अमेरिकेत वॉटसन आणि रोझाली रेनर या दोघांनी एका तान्ह्या मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मूल जेमतेम अकरा महिन्यांचं. पांढऱ्या उंदराला ते मुळीच भीत नव्हतं. पण उंदराला हात लावला रे लावला की त्याच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा. काही खेपांनंतर उंदीर नुसता दिसला तरी ते रडायला लागलं. आणि मग ससा, कुत्रा, केसाळ कोट, यांनाही भिऊ लागलं. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण सुईची धमकी देऊन आपण घरात दुसरं काय करतो? पुढे खरंच ताप येतो तेव्हा पांढरा कोट दिसताच मूल किंचाळतं आणि आपणच म्हणतो, "इतका कसा हा भित्रा!"

चांगली बातमी अशी की भीती शिकता येते तशी ती उतरवताही येते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि ससा पिंजऱ्यात, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवायचा. मग रोज थोडा थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. कुत्र्याला, पाण्याला, अंधाराला भिणाऱ्या तुमच्या मुलासाठी हाच उपाय: आवडती गोष्ट सोबत, भीतीची गोष्ट लांब, आणि रोज एकेकच पाऊल. "काय होतंय, हात लाव!" म्हणून ढकलू नका. ढकललंत की भीतीची गाठ आणखी घट्ट.

मोठ्या माणसांचंही वेगळं नाही. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडच्या जंगलात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथं राहायला गेले. दवाखाना होता, औषध होतं, पण सुरुवातीला माडिया लोक जवळ येत नसत. का यावं? बाहेरून येणाऱ्या माणसाचा तोवरचा त्यांचा अनुभव चांगला नव्हता, आणि अनुभवावरून शिकणं हे शहाणपणच आहे. भाषणांनी तो विश्वास आला नाही. दवाखान्यात गेलेला माणूस बरा होऊन चालत घरी येतो, हे जेव्हा पुन्हा पुन्हा दिसलं, तेव्हा आला. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागे वर्षानुवर्षांचा हा धीर आहे.

जंगलातली शाळा

आता वळूया आमच्या बाईच्या वाघाकडे.

ताडोब्याला तुम्ही गेला असाल तर पाहिलं असेल. जिप्सीत बसलेली माणसं कुजबुजतात, कॅमेरे खटखटतात, आणि वाघ निवांत रस्त्यात लोळतो. पिल्लू असल्यापासून त्यानं गाड्या पाहिलेल्या असतात. गाडी चावत नाही, मारत नाही, खायलाही देत नाही. मग भ्यायचं कशाला? सततच्या, निरुपद्रवी गोष्टीला जीव सरावतो. घरामागून जाणाऱ्या आगगाडीचा आवाज काही महिन्यांनी आपल्याला ऐकू येईनासा होतो, तसंच हे.

वाघाच्या हल्ल्यांचं कारण एवढं एकच नाही, हे लक्षात ठेवा. वाघ वाढले आहेत, जंगल आणि शेत यांची सरमिसळ झाली आहे, माणसाला पोटासाठी जंगलात जावंच लागतं. मोह वेचणारी बाई वाकलेली असते. जाणकार सांगतात की ती वाघाला दोन पायांचा माणूस न वाटता एखादं जनावर वाटण्याचा संभव असतो. पण माणसाचा वाघाला असलेला धाक हा शिकलेला असतो आणि शिकलेलं पुसलंही जातं, हे तर बाईनं पुस्तक न वाचताच सांगितलं होतं.

पश्चिम बंगालच्या सुंदरबनात १९८०च्या दशकात हा धाक पुन्हा शिकवायचा प्रयत्न झाला. कोळी आणि लाकूडतोडे यांचे वापरलेले कपडे घातलेले मातीचे पुतळे जंगलात ठेवले आणि त्यांत बॅटरीची वीज सोडली. वाघानं झडप घातली की झटका! वाघ मागून हल्ला करतो म्हणून माणसांनी डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटे बांधूनही पाहिले. काही काळ गुण आला. पण मुखवट्याची गंमत पुढे वाघांच्या ध्यानात आली, असं तिकडचे लोक सांगतात. शिकणारे काही आपण एकटेच नाही ना!

हत्तींचं बघा. अहेरी तालुक्यात कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. पूर्वी लाकूड ओढणारे हे हत्ती चरायला जंगलात जातात आणि माहुताच्या हाकेला परत येतात, कारण त्या हाकेमागे आयुष्यभराचा खुराक आणि माया आहे. त्याच जिल्ह्यात २०२१ साली छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप आला. घरात साठवलेलं धान आणि मोह यांचा वास त्यांना कळतो. भिंत पाडली की ते मिळतं हेही कळतं. जनावर तेच. शिकवण वेगळी.

हेमलकशाचा प्राणी अनाथालयही असाच सुरू झाला. शिकार झालेल्या माकडिणीला बिलगलेलं जिवंत पिल्लू डॉ. प्रकाश आमट्यांना दिसलं आणि त्यांनी ते मागून घेतलं. पुढे बिबटे, अस्वलं, हरणं असा मोठा परिवार झाला. माणसाच्या हातून दूध प्यायलेला बिबट्या माणसाला बिलगतो, हे पाहून आपण हरखून जातो. पण माणसाची भीती अशी गेलेलं जनावर जंगलात सोडायचं म्हणजे मोठी पंचाईत. ते सरळ पहिल्या दिसेल त्या घराकडे येणार, आणि घरातल्यांना काय ठाऊक की हे मायेनं आलंय!

आता तुम्ही म्हणाल, जंगलाचं झालं, शहरातल्या बाईचा यात काय संबंध? आहे, चांगलाच आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आणि कोळसा खाणींच्या आसपास, दुर्गापूरच्या बाजूला, बिबटे आणि वाघ फिरतात. फेब्रुवारी २०२२मध्ये या भागात त्यांच्या हल्ल्यांत माणसांचे बळी गेले. रात्री उरलेला भात, मटणाची हाडं आपण घरामागे टाकतो. तिथं कुत्री आणि डुकरं येतात. 'इथं मिळतं' हे ती शिकतात. कुत्र्याच्या मागावर बिबट्या येतो. 'इथं मिळतं' हे तोही शिकतो. आपण फक्त खरकटं टाकलेलं असतं, पण अंगणाची वाट दाखवलेली असते. तेव्हा जंगलाला लागून राहणाऱ्या मैत्रिणींनो, खरकटं झाकणाच्या डब्यात ठेवा, घंटागाडीतच टाका, अंधार पडल्यावर मुलांना एकटं मागच्या अंगणात पाठवू नका. माकडांना हातानं बिस्किटं देऊन फोटो काढायचा मोहही आवरा. आज हातातून घेणारं माकड उद्या पिशवीतून ओढून घेतं.

पानठेल्याची घंटा

आणखी एक दुखणं आमच्याकडे घरोघरी आहे: खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकवर घोटून केलेला हा पदार्थ. तोंडाच्या कॅन्सरला दिलेलं आमंत्रणच ते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकारानं, शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्यानं २०१६ साली दारू-तंबाखूविरुद्ध 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम सुरू झाला. गावागावांतल्या बायका त्यात पुढे आहेत.

तंबाखूतलं निकोटीन शरीराला बांधतं हे खरंच. पण त्याखेरीज सवयीच्या घंटाही असतात. जेवण झालं की खर्रा. चहा झाला की खर्रा. अमुक मित्र भेटला की खर्रा. पावलॉव्हचा कुत्रा आठवला ना? (घरी हे उदाहरण देऊ नका बरं!) तेव्हा नुसतं "सोडा, सोडा" म्हणून घोकण्यापेक्षा घंटा बदला. जेवण होताच हातात भाजलेली बडीशेप-ओवा द्या, आणि दोघं मिळून पंधरा मिनिटं फिरायला जा, पानठेला नसलेल्या रस्त्यानं. ज्या दिवशी खर्रा खाल्ला नाही, त्या दिवशी तसं बोलून दाखवा. आपण खाल्लेल्या दिवशी तासभर भांडतो आणि न खाल्लेल्या दिवशी गप्प बसतो; चांगल्या दिवसाला काहीच फळ नाही! सवय फार जुनी असेल तर मात्र घरगुती उपायांवर विसंबू नका, डॉक्टरांचा सल्ला घ्या.

वहीतले तीन रकाने

आता एक छोटासा गृहपाठ. दूध-किराण्याच्या हिशेबाच्या वहीत एका पानावर तीन रकाने आखा: 'आधी काय झालं', 'काय केलं', 'नंतर काय मिळालं'. घरातली एकच त्रासाची गोष्ट निवडा. मुलाचा हट्ट, जेवताना लागणारा मोबाइल, नाहीतर तुमचं स्वतःचं चिडणं. आठ दिवस रोज लिहा. पहिल्या दोन रकान्यांत फारसं नवं सापडणार नाही. तिसरा वाचा. देणारा हात पुष्कळदा आपलाच निघतो. एकदा हे दिसलं की अर्धं काम झालं, कारण तो हात आपल्याला आवरता येतो.

माणूस म्हणजे काही कबुतर नव्हे, हे मलाही कळतं. त्याला विचार आहे, शब्द आहे, माया आहे. पण म्हणूनच आपण काय शिकवतोय याचा जाणूनबुजून हिशेब माणूसच ठेवू शकतो. वाघाला ते जमायचं नाही.

यंदा हंगामाच्या आधी मी आमच्या बाईला विचारलं, "मग आता काय करता तुम्ही?" ती म्हणाली, "एकटी कोनी जात नाही बाई. पाच-साजनी मिळून जातो, उजेड पडल्यावर जातो, आन् मोठ्यानं गोठी करत जातो. चूप नाही जाव जंगलात. मानूस आला हे त्याले समजलं पाहिजे." वनखात्याचे लोकही हेच सांगतात. मी तिच्या डब्यात चार पोळ्या जास्त बांधून दिल्या आणि म्हटलं, "गोठी मोठ्यानं कर हो!" ती हसली आणि म्हणाली, "थे तं आमाले शिकवा नाही लागत!"